मंदाताईंचं ‘बघू’

पुण्यात ‘बघू’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा आहे. इथे जन्मलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. मुलगा वडिलांकडे सायकल मागतो, वडील पेपरातून डोकं वर न काढता ‘बघू’ म्हणतात आणि मुलगा चालत शाळेत जातो. भाडेकरू मालकाला म्हणतो, भिंतीला ओल आलीय. मालक म्हणतो बघू, आणि भाडेकरू मुकाट्याने त्या भिंतीपुढे कपाट सरकवतो. तोंडावर नाही म्हणून वाईटपणा घ्या कशाला? आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी होतो. बँकेत कॉम्प्युटर आले, बँकेने आमच्यासारख्यांना स्वेच्छेने जा म्हणून सांगितलं, मी स्वेच्छेने घरी आलो आणि लोकांनी माझ्या स्वेच्छेची चौकशी न करता सोसायटी माझ्या गळ्यात बांधली. ती सगळी वर्षं मी ‘बघू’ या एका शब्दावर काढली. गच्चीवर मुंजीचा मांडव घालायचाय. बघू. पाणी जरा जास्त वेळ सोडा. बघू. लोक जिना उतरून घरी जायचे आणि विषय मिटायचा.

मंदाताई गावंडे राहायला आल्या आणि हा शब्द माझ्या हातातून गेला.

त्या अमरावतीच्या. मुलगा हिंजवडीच्या कंपनीत लागला, त्याने आमच्या बी विंगमध्ये फ्लॅट घेतला, आई-वडिलांना बोलावून घेतलं, आणि वर्षाच्या आत कंपनीने त्याला बायकोसकट अमेरिकेला पाठवलं. त्या काळात आमच्याकडे असे बरेच फ्लॅट होते. मुलं तिकडे आणि आई-वडील इकडे, मुलांच्या सोफ्यावर टोकाला बसलेले. मंदाताई ठेंगण्या, रुंद, पदर कमरेला खोचलेला. आवाज असा की त्या खाली भाजीवाल्याशी बोलल्या तर चौथ्या मजल्यावर भाव कळायचा. इथे आल्यावर त्यांनी आपल्या वऱ्हाडीतल्या ‘मले’चं ‘मला’ करून घेतलं होतं, पण चिडल्या की पुन्हा ‘मले’ बाहेर पडायचं. बाई किती रागावल्यात ते आम्हाला व्याकरणावरून समजायचं.

एका संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या.

"भाऊ, इमारतीच्या मागं नुसता राडारोडा पडून आहे. तिथं बाग करा न."

मी म्हटलं, "बघू."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. मी टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तोंडाला दाढीचा साबण, तेवढ्यात बेल. दारात मंदाताई, चपला घालून तयार.

"चला."

"कुठे?"

"काल बघू म्हणाले न तुम्ही? चला, पाहून घेऊ."

आमची ही स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होती. मी तोंड पुसून, एक गाल तुळतुळीत आणि एक तसाच, त्यांच्यामागे खाली उतरलो. जागा बघितली. इतकी वर्षं सेक्रेटरी असून मी इमारतीच्या मागे पहिल्यांदा गेलो होतो. फुटक्या टाइल्स, सिमेंटची रिकामी पोती, कुणाच्या तरी बाथरूमचं काढून टाकलेलं कमोड आणि त्यात उगवलेली तुळस. बिल्डरने माहितीपत्रकात याच जागेवर निळं पाणी आणि हिरवी झाडं रंगवली होती.

अध्यक्ष गोगटे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मंदाताईंनी जिन्यात गाठलं, त्यांनीही ‘बघू’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बनियनवर शर्ट चढवत तेही खाली आले. मग खजिनदार. मग आणखी दोघं. महिनाभरात अख्ख्या इमारतीने ‘बघू’ म्हणणं सोडलं. लोक ‘कळवतो’ म्हणायला लागले. त्यावर मंदाताई शांतपणे समोरच्या खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, "बसते मी. कळवा."

मला वाटायचं, बिचारीला इथलं मराठी समजत नाही. एकदा राहवलं नाही, म्हणून समजावून सांगायला गेलो, की वहिनी, आपल्याकडे बघू म्हणजे काही खरोखर बघायचं नसतं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मला काय एवढंही समजत नाही का? आमच्याकडंही नाही म्हणायचं असलं की ‘पाहू न जी’ म्हणतात. पण तुम्ही तोंडानं म्हणून राहिले, मी कानानं ऐकून राहिले. नाही म्हणायचं तं नाही म्हणा न. तोंड आहे न देवानं दिलेलं?"

त्यानंतर मी त्यांना काही समजावून सांगायच्या फंदात पडलो नाही.

बाग कशासाठी हवी होती ते मला उन्हाळ्यात समजलं. इमारत बांधली तेव्हा पार्किंग स्कूटरच्या हिशोबाने काढलेलं. पुढे पोरांना कंपन्यांत नोकऱ्या लागल्या, बँका दारात येऊन गाडीसाठी कर्ज द्यायला लागल्या, आणि आमचं पार्किंग मंडईसारखं झालं. त्यात एक दिवस ए विंगच्या रोहितने गाडी मागे घेतली आणि गावंडेकाकांच्या कोपराला आरसा लागला. कोपर खरचटलं, आरसा फुटला. रोहित वाईट मुलगा नव्हता, पण सतत मोबाईलवर अमेरिकेशी बोलत असायचा. त्याने माझ्याकडे तक्रार केली, की काका गाडीच्या आड आले, दिसत असून हलले नाहीत. दोन-चार दिवसांनी ती तक्रार घेऊन मी वर गेलो.

गावंडेकाका आतल्या खोलीत झोपले होते. मंदाताईंनी मला गॅलरीत नेलं, दार ओढून घेतलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांचा हळू आवाज ऐकला.

"दिसत असून नाही, भाऊ. त्यांना बाजूचं दिसतच नाही. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. समोरचं दिसते, ते नळीतून पाहिल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत तेही जाईल."

गावंडेकाका म्हणजे तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. चिखलदऱ्याच्या घाटात पावसापाण्यात गाडी काढलेला. आरसा लागला त्या दिवसापासून ते डॉक्टरांकडे जाण्यापलीकडे खाली उतरलेच नव्हते. खुर्चीत बसून राहायचे. मंदाताईंनी हात धरून खाली न्यायचं म्हटलं तर हात झटकायचे. म्हणायचे, चाळीस माणसं मागं बसवून मी गाडी नेली, आता तू मला ओढत नेशील?

"अजून थोडं दिसते तोवर त्यांना एक रस्ता पाठ करून द्यायचा आहे," मंदाताई म्हणाल्या. "एकच रस्ता. जिथं गाडी नाही, घोडा नाही. एकदा पाय त्याच्यावर बसले की मग डोळे असो नसो, एकटे फिरतील. कोणाचा हात धरणार नाहीत. आणि हे कोणाला सांगायचं नाही. त्यांनी मला शपथ घातली आहे."

"मग मला का सांगितलंत?"

"एका माणसाला तरी माहीत पाहिजे न, ही बाई येडी नाही म्हणून."

तेव्हापासून त्यांची लढाई मी काठावर बसून बघितली. खरं कारण एका वाक्यात सांगितलं असतं तर आमच्या लोकांनी डोळ्यांत पाणी आणून मंजुरी दिली असती. पण ते वाक्य त्यांना बंद होतं. बाकी सगळी वाक्यं त्यांनी वापरली.

कमिटीने तोवर एका लँडस्केपवाल्या मुलीकडून आराखडा मागवला होता. गोगट्यांच्या मनात मधोमध हिरवळ, कारंजं आणि खाली बसायला एक छत्री. हिरवळ यायच्या आधीच त्यांनी ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी रंगवून आणली होती आणि ती त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभी होती. रोहित आणि त्याच्या वयाच्या मुलांना तिथे फरसबंदी करून आणखी गाड्या लावायच्या होत्या. ती मुलगी मापं घ्यायला आली त्या दिवशी मंदाताईंनी तिला वर नेलं. पोळी, झणझणीत वांग्याची भाजी, वर घट्ट दही. मुलगी नाक पुसत पुसत जेवली आणि जेवताना वाट कशी हवी ते सगळं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात कमिटीपुढे एकाऐवजी दोन आराखडे आले. दुसऱ्यात कारंजं नव्हतं. जागेच्या कडेकडेने फिरत जाऊन पुन्हा जिन्यापाशी येणारी एक वाट होती, तिला वळणं होती, वाटेला लोखंडी कठडा होता, प्रत्येक वळणावर खडी पसरलेली आणि एकेक वासाचं झाड. पारिजातक, मोगरा, गवती चहा, कढीपत्ता, रातराणी.

कमिटीची बैठक गोगट्यांच्या घरी. मंदाताईंना ‘निमंत्रित’ म्हणून बोलावलं होतं, म्हणजे खुर्ची होती पण चहा शेवटी आला.

गोगटे म्हणाले, "रातराणी नको. साप येतात."

"तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता. साप काय लिफ्टनं येईल?"

"मुद्दा सर्वांच्या सुरक्षिततेचा आहे."

"मग रातराणी काढा. सोनचाफा लावू. त्याला तं सापाची काही अडचण नाही न?"

सोनचाफ्याविरुद्ध कुणाकडे काही नव्हतं. मग खडी निघाली. चालताना करकर वाजेल, तळमजल्यावरच्यांची झोपमोड होईल. मंदाताई म्हणाल्या, वाजलीच पाहिजे. चोर मागच्या भिंतीवरून उतरला तर तळमजल्यावरच्यांना आधी कळेल. तळमजल्यावरचे खजिनदार एकदम सरळ बसले आणि खडी मंजूर झाली. गवती चहा कशाला, तर डास येत नाहीत. कढीपत्ता कशाला, तर विकत आणावा लागत नाही. हे कारण ऐकल्यावर आमच्यातल्या दोघांनी आणखी दोन कढीपत्ते सुचवले.

मला तेव्हा त्या बाईंचं कौतुक वाटलं, आणि थोडी भीतीही. आमच्यातल्या प्रत्येकाला नेमकं काय पटतं ते त्यांनी आल्यापासून हेरून ठेवलं होतं. आपण इथले, आणि आपल्यालाच ही अमरावतीची बाई पुणेरी कारणं पुरवतेय.

मग गोगटे कठड्यावर आले. "आणि हा लोखंडी कठडा. यामुळे सोसायटीला हॉस्पिटलची कळा येईल. इथे काय पेशंट राहतात?"

कुणीतरी हसलं. मंदाताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं मला दिसलं. मला वाटलं, आता ‘मले’ येणार. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर मीच बोलून गेलो असतो.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लोखंड वाईट दिसते. मेंदीचं कुंपण लावू. कमरेएवढं, एका रेषेत कापलेलं. ब्रिटिशांच्या बंगल्याले असते तसं."

ब्रिटिशांच्या बंगल्याला म्हटल्यावर गोगट्यांचा चेहरा उजळला. माझ्या मात्र नंतर लक्षात आलं, की कमरेएवढ्या कुंपणावरून माणूस हात फिरवत जाऊ शकतो, आणि लोखंडासारखं ते उन्हात तापतही नाही. इतकं होऊन निकाल मात्र लागला नाही. दोन्ही आराखडे सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेत, असं ठरलं. ठरलं म्हणजे गोगट्यांनी ठरवलं. सभेत आपल्या बाजूने हात वर होतील याची त्यांना खात्री होती.

पावसाळा लागला. मंदाताईंनी मजुरांकडून राडारोडा एका कोपऱ्यात ढकलून घेतला आणि कबड्डीचं मैदान आखतात तसं त्या जागेवर पांढऱ्या फक्कीने आपली वाट आखली. रात्री पाऊस ती धुऊन न्यायचा. सकाळी छत्री मानेत धरून, एका हातात फक्कीचा डबा, बाई पुन्हा वाकलेल्या. गॅलरीतून लोक बघायचे. कुणी रांगोळीवाल्या बाई म्हणायचं, कुणी आणखी काही. हे त्यांच्यापर्यंत पोचत नसेल असं नाही. मी एकदा म्हटलं, वहिनी, सभा लांब आहे, कशाला रोजची मेहनत? त्या पाठ धरून सरळ झाल्या.

"सभेसाठी नाही, भाऊ. मी रोज चालून पाहते. डोळे मिटून. कुठं पाय अडखळते ते समजून राहिलं मला. काल हे वळण दोन हात पुढं नेलं."

डॉक्टरांकडून त्या आणि काका परत आले की मी लिफ्टपाशी काकांकडे बघायचो. आधी ते लिफ्टचं बटण बघून दाबायचे. मग चाचपून दाबायला लागले. दिवाळीला अजून वेळ होता, पण डोळ्यांना कॅलेंडर कुठे कळतं?

सभेचा दिवस आला. सभा खाली पार्किंगमध्ये, गाड्या बाहेर काढून, भाड्याच्या खुर्च्यांवर. आमच्याकडे सर्वसाधारण सभेचा एक रिवाज आहे. ठरल्या वेळेला पुरेसे सभासद कधीच नसतात. मग अध्यक्ष घड्याळ बघून ‘गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब’ असं जाहीर करतात, आणि अर्ध्या तासाने, असतील तेवढ्या माणसांत, तीच सभा नियमाप्रमाणे पुन्हा सुरू होते. त्या अर्ध्या तासात आलेले लोक चहा पितात आणि न आलेल्यांना नावं ठेवतात. गावंडेकाका त्या दिवशी खाली आले होते. मंदाताईंच्या मागे दोन पावलांचं अंतर ठेवून, त्यांच्या पांढऱ्या पदराकडे मान ताठ करून बघत आले आणि शेवटच्या रांगेत बसले.

सभा सुरू व्हायच्या आधीच गोगट्यांनी मंदाताईंना सांगून टाकलं, "फ्लॅट आपल्या चिरंजीवांच्या नावावर आहे. आपण सभासद नाही. सभेत आपल्याला बोलता येणार नाही."

"बरं."

मग त्यांनी घड्याळ बघितलं. "गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब."

मंदाताई उठल्या. "म्हणजे आता सभा नाही न?"

"नाही."

"मग आता बोलायले काही हरकत नाही. आणि चालायले सभासद लागत नाही. चला सगळे, मागं. अर्धा तास इथं बसून तरी काय करून राहिले?"

‘बोलायले’ ऐकून मी लगेच उठलो. मी उठलो म्हणून खजिनदार उठले, आणि चहा अजून आला नव्हता म्हणून बाकीचे उठले. मागे पावसाने उघडीप दिली होती, फक्कीची वाट स्वच्छ दिसत होती. मंदाताई पुढे, मागे आमची वरात. कुणाच्या साडीला चिखल लागत होता, कुणी कुरकुरत होतं, पण चालत होते. त्यांनी काही भाषण केलं नाही. इथं चाफा, इथं खडी, इथं कुंपण, एवढंच. रोहितला मध्येच फोन आला. तो अमेरिकेशी बोलत बोलत रेषेवरून चालत राहिला. आम्ही एक फेरी मारून थांबलो तरी तो चालतच होता, खाली मान, एक हात हवेत. दोन-तीन फेऱ्यांनी फोन संपला तेव्हा त्याने वर बघितलं आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे बघून ओशाळला.

"हे बेस्ट आहे," तो म्हणाला. "पार्किंगमध्ये कॉल घेतला की कोणीतरी हॉर्न मारतंच. इथे मी कुठे चाललोय याचा विचारच करावा लागला नाही."

मंदाताईंनी त्याच्याकडे जे बघितलं ते मी कधी विसरणार नाही. त्याला काहीच कळलं नाही. ज्याच्या गाडीचा आरसा काकांना लागला होता त्याच मुलाने सभा पुन्हा सुरू झाल्यावर दुसऱ्या आराखड्याचा ठराव मांडला, स्वतःच्या फोनसाठी. अनुमोदन मी दिलं. सेक्रेटरीने अनुमोदन द्यावं का, यावर कुणीतरी कुजबुजलं. मी म्हटलं, बघू.

गोगटे सहजासहजी सोडणारे नव्हते. त्यांनी आराखडा वर धरला. "ठराव मताला टाकण्यापूर्वी एक शंका. तांत्रिक आहे. मी आयुष्यभर कालवे काढले. एवढ्याशा जागेत इतकी वळणं कशाला? सरळ वाट काढली तर फरशी कमी लागेल, जागा वाचेल. या वळणांचं काय कारण, ते सभेला कुणी सांगू शकेल का?"

मी मंदाताईंकडे बघितलं. चोर, डास, कढीपत्ता, ब्रिटिश, सगळ्यांची कारणं त्यांच्याकडे होती. वळणांचं नव्हतं. त्या वळणांना एकच कारण होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सभासद नव्हत्या म्हणून नव्हे. लोक वाट बघायला लागले. गोगट्यांनी आराखडा टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला, संपलं असं समजून.

शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गावंडेकाका उभे राहिले होते. ते गोगट्यांकडे बघत होते, पण जरा बाजूला, जिथे गोगटे नव्हते तिथे.

"सरळ रस्त्यावर ड्रायव्हरले झोप लागते, साहेब," ते म्हणाले. "वळण आलं की गाडी कुठं पोचली ते हाताले समजते. घाटात धुकं पडलं न, समोरचं बोनेट दिसत नाही, तेव्हा आम्ही वळणांच्या भरोशावर गाडी काढत होतो. मले आता दिसत नाही. बाजूचं गेलं, समोरचं जाऊन राहिलं. सरळ रस्ता केला तं मी कुठं आहो ते मले समजणार नाही. वळणं ठेवा."

आणि बसले.

पार्किंगमध्ये चाळीस-पन्नास माणसं होती. चहाचे कप हातात घेतलेले लोक ते खाली ठेवायचे विसरले. रोहितचा चेहरा पांढराफटक पडला. आरशाची तक्रार त्याला आठवली असणार. गोगट्यांनी काढलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग माझ्याकडे वळून नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "सेक्रेटरी, लिहून घ्या. शंकेचं समाधान झालं. ठराव एकमताने मंजूर." हात वर करायला त्यांनी कुणाला सांगितलंच नाही.

मला वाटलं, मंदाताई रडतील. त्या तरातरा शेवटच्या रांगेत गेल्या.

"तुम्ही काहून बोलले? मले शपथ घातली, सहा महिने मी तोंड शिवून बसली, आणि तुम्हीच उभे राहिले? मी काढलं असतं न काही कारण."

"काय काढलं असतं?"

"काढलं असतं," म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ दोघंही उठले नाहीत. आम्ही खुर्च्या आवरल्या, त्या दोन सोडून.

वाट दिवाळीच्या आधी झाली. शहाबादी फरशी, वळणांवर खडी, मेंदीची रोपं अजून गुडघ्याएवढी, म्हणून तात्पुरती दोरी बांधलेली. काकांना तेव्हा थोडंफार दिसत होतं. पहिले काही दिवस मंदाताई त्यांच्यामागून चालायच्या, हात मागे बांधून, म्हणजे ते चुकूनही काकांना धरायला पुढे जाऊ नयेत. काका प्रत्येक वळणाला घाटातल्या थांब्यांची नावं द्यायचे आणि मोठ्याने म्हणत जायचे. चुकले की मंदाताई सांगायच्या नाहीत. ते स्वतःच थांबायचे, पायाने खडी चाचपायचे, दोन पावलं मागे यायचे. उजेड कमी होत गेला आणि नावं मोठ्याने घेणं बंद झालं. एक दिवस मी गॅलरीतून बघितलं तर काका एकटे चालत होते, साधारण आपण घरात चालतो तसे.

गोगट्यांनी ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी फुकट जाऊ दिली नाही. उलट्या बाजूने रंगवून घेतली आणि वाटेच्या तोंडाशी स्वतः उभं राहून ठोकली. ‘वाटेत उभे राहून गप्पा मारू नयेत. चालणाऱ्यास वाट द्यावी. न विचारता कुणाचाही हात धरू नये.’ पाटीवर सही कुणाची नव्हती, पण अक्षर पाटबंधारे खात्याचं होतं. पुढे गावंड्यांचा मुलगा अमेरिकेहून परत आला, त्याने बाणेरला मोठं घर घेतलं आणि काका आणि मंदाताई तिकडे गेले. ते जाईपर्यंत मेंदी कमरेपर्यंत आली होती.

मंदाताईंना मी शेवटचं नीट बघितलं ते ती मंडळी जायच्या थोडं आधी. दुपारी टळटळीत उन्हात मी कोपऱ्यावरच्या स्टॉपवर बसची वाट बघत होतो. तिथे मंदाताई उभ्या. नारिंगी काठाची इस्त्रीची साडी, डोक्यात गजरा, खांद्याला पर्स. त्यांना इतकी वर्षं मी कमरेला पदर खोचलेलंच बघितलं होतं, त्यामुळे आधी ओळखलंच नाही.

"वहिनी, कुठे निघालात?"

"पिक्चरला. तीनचा खेळ आहे."

"कुणाबरोबर?"

"कोणासोबत म्हणजे? एकटी."

"आणि काका?"

"ते बागेत गेले," त्या म्हणाल्या. आमच्या इमारतीतल्या बायका ‘हे ऑफिसला गेले’ म्हणतात, तितक्या सहज.

बागेचं एवढं सगळं काकांसाठी चाललंय असं मी धरून चाललो होतो. या बाई किती दिवसांत त्या फ्लॅटमधून एकट्या बाहेर पडल्या नाहीत, हा प्रश्न कमिटीत, सभेत, माझ्या घरात, कुणालाही पडला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी खूप बरं वाटलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा गैरसमज झाला. त्यांना वाटलं, नवरा आंधळा आणि ही निघाली पिक्चरला, असं माझ्या मनात आलं.

"असं काय पाहून राहिले, भाऊ?" त्या म्हणाल्या. आवाज वर गेला नव्हता. "त्यांचे डोळे गेले. मले आहेत न अजून."

त्यांची बस आली. गर्दी होती, दारात कॉलेजची पोरं लोंबकळत होती. मंदाताईंनी पर्स काखेत दाबली, दोन पोरांना कोपराने बाजूला केलं आणि वर चढल्या.